कापून टाकलेलं रडणं

खोटं लिहायला मला वेळच नाही.

हे आधीच सांगून ठेवते. दुपारची भाकरी झाली, घरातली माणसं रानात पाणी धरायला गेली, पोर झोळीत झोपली, की वेळेचा जो तुकडा हाती लागतो त्यात हे लिहिते आहे. झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधलीय. पाय झोका देतो, हात लिहितो. अशा वेळात माणूस थापा लिहीत बसत नाही.

घडलं ते आमच्या घरात. बारामतीजवळच्या सांगवीत, सत्तावन्न सालच्या मार्गशीर्षात. भुताचं म्हटलं की लोक आधी अमावस्या विचारतात. अमावस्या नव्हती. रात्रही नव्हती. लख्ख ऊन पडलं होतं, आणि अंगणात मिरच्या वाळत होत्या.

माझी सासू सरुबाई. मी तिला आत्याबाई म्हणायची. आमचं कालव्याच्या पाण्यावरचं माळवं. वांगी, मिरची, घेवडा. दिवसभर खुरपून ती बाई पहाटे पुन्हा जात्यावर बसायची आणि ओव्या म्हणायची. तिचा आवाज असा, की कालव्यावर पाणी भरायला आलेल्या बायका घागर खाली ठेवून ऐकत उभ्या राहायच्या.

गावात इंजिनाची गिरणी कधीच आली होती. तरी आत्याबाई दळायची.

आमचे हे चिडवायचे, "आये, तुझ्यापायी गिरणीवाला उपाशी मरंल गं."

"मरू दी मेला."

डब्यात पीठ असलं तरी ती पसाभर दाणे घेऊन बसायची. आजारी असली तरी. एकदा तापानं फणफणली होती, तर भिंतीला धरत धरत जात्यापाशी गेली. मला वाटायचं, सवय आहे म्हातारीची.

सवय नव्हती.

त्या सकाळी पुण्याहून मोहनराव नावाचे एक गृहस्थ जीप घेऊन आले. ते गावोगावच्या ओव्या गोळा करायचे. बरोबर एक यंत्र होतं. दोन चकऱ्या, त्यांच्यावरून सरकणारी तपकिरी फीत, आणि जीपच्या बॅटरीपासून खिडकीतून आत ओढलेली वायर. जे बोलाल ते फितीवर उमटायचं आणि पुन्हा ऐकायला यायचं. त्यांनी आत्याबाईला सांगितलं, "आवाज चांगला आला, तर रेडिओवर लावू."

आत्याबाईनं नऊवारीचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. जन्मात तिला कुणी "बोल" म्हटलं नव्हतं. "गप बस" म्हणणारेच सगळे. त्या दिवशी तिचं तोंड मी असं उजळलेलं पाहिलं, की मलाच लाज वाटली, आपण कधी विचारलं नाही म्हणून.

शेजारच्या छबूकाकू तिच्यासमोर बसल्या. दोघींनी खुंटा धरला, जातं फिरलं, ओवी सुरू झाली.

मग मोहनरावांनी फीत उलटी फिरवून ऐकवली.

घर्र... घर्र... घर्र... खडीवरून लॉरी जावी तसं. त्यात छबूकाकूंच्या बांगड्या. शेळी. कोंबड्या. आणि माझी जयवंता. पाच-सहा महिन्यांची होती तेव्हा. तिनं तर टाहोच फोडला होता.

"बाई, गळा तुमचा सोन्याचा आहे," मोहनराव म्हणाले. "पण तो ह्या सगळ्यात शोधावा लागतोय. मला फक्त आवाज हवा. स्वच्छ. मागं काही नको."

"मागं काय नगं म्हंजी?" छबूकाकू म्हणाल्या. "घर हाय ह्ये. मागं काय नगं आसंल तर मसनात न्या तिला गाया."

सगळे हसले. मोहनरावही हसले. पण कामाला लागले.

दारांना वाकळा टांगल्या. कोंबड्या डालग्याखाली कोंडल्या, वर पोतं टाकलं. शेळ्या रानात पाठवल्या. छबूकाकूंच्या बांगड्यांना कापड गुंडाळलं. शेवटी ते म्हणाले, जातं बंद ठेवा, नुसतं म्हणा.

आत्याबाई बसली. तोंड उघडलं.

शब्द येईना.

"हात थांबला की त्वांड थांबतं ओ सायेब. मला न्हाय यायचं."

"मग हात फिरवा. दाणे नका घालू."

छबूकाकू ताडकन उठल्या. "रिकामं जातं वढत्यात व्हय कुठं? त्याला दाणा न्हाय घातला तर ते घरातलं माणूस मागतं. सरू, बाई, आइक माजं."

आत्याबाई हसली नाही. क्षणभर ती जात्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "छबे, तुला खोकला हाय. तू भाईर बस."

रिकामं जातं फिरवलं तर दगडावर दगड घासला. आवाज आणखीच वाईट. कुणी दात खावे तसा. मोहनरावांनी कपाळाला हात लावला.

तेव्हा युक्ती काढली ती आत्याबाईनंच. डाळ भरडताना आम्ही मधल्या खुंटीला चिंधी गुंडाळतो, म्हणजे वरचा दगड जरा उचलला जातो आणि दाणा बारीक होत नाही. तिनं चांगली जाड चिंधी गुंडाळली. वरचा दगड अधांतरी झाला. तिनं खुंटा ओढला.

जातं फिरलं...

आवाज नाही.

त्या घरात इतक्या वर्षांत पहिल्यांदा जातं फिरत होतं आणि आवाज नव्हता. पाणी उकळतंय आणि वाफ नाही, असं काहीतरी ते होतं.

"उत्तम!" मोहनराव म्हणाले. मग झोळीकडे बघून, "आता फक्त हे बाळ..."

जयवंता रडत होती. भूक लागली होती तिला. मी म्हटलं, पाजते, गप होईल. आमचे हे म्हणाले, "अगं सारजा, सायेब खोळंबल्यात. तेवढी गप कर की तिला."

तेवढी गप कर.

आत्याबाईनं हात पुढे केले. "दे हिकडं. मी निजविते."

ती तिला घेऊन आतल्या खोलीत गेली. थोड्या वेळानं बाहेर आली. जयवंता तिच्या खांद्यावर मान टाकून शांत. तिनंच तिला झोळीत घातलं, झोळीवर लुगडं टाकलं आणि जात्यावर जाऊन बसली.

फीत फिरायला लागली. आत्याबाई म्हणू लागली...

*दळण मी दळिते, दाणा घालिते पसापसा*
*माज्या मांडीवर बाई, नीज लागली पाडसा*

इतकं गोड ती कधीच गायली नव्हती. घरात चिटपाखरू नाही. नुसता तिचा गळा. मी श्वास धरून भिंतीला टेकून उभी होते.

मोहनरावांच्या कानांवर दोन काळ्या वाट्या होत्या, त्यातून त्यांना फितीवरचं ऐकू यायचं. ओवी अर्ध्यात आली आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. झोळीकडे बोट केलं.

मी मान हलवली. झोळी शांत होती.

ओवी संपल्यावर ते जरा चिडूनच म्हणाले, "बाळाचं काहीतरी करा म्हटलं होतं ना?"

"ती झोपलीय की."

"झोपलीय कसली! रडतेय ती. हे ऐका."

त्यांनी फीत लावली.

आत्याबाईचा आवाज आला. स्वच्छ. धुऊन काढल्यासारखा. पहिली ओळ झाली, तिनं श्वास घेतला, आणि त्या श्वासाच्या जागी... लांबून... पोर रडलं.

"वाऱ्यानं आलं आसंल," आमचे हे म्हणाले. "वस्तीवर कुणाचं तरी."

वस्तीवर तेव्हा माझ्याशिवाय कुणाच्याच घरात तान्हं नव्हतं. मी तसं म्हटलं. कुणी लक्ष दिलं नाही.

पुन्हा सगळं लावलं. खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या. ह्या वेळी मी डोळे मिटून फक्त कान उघडे ठेवले. ओवी सुरू झाली, संपली. मी शपथेवर सांगते, त्या खोलीत आत्याबाईच्या गळ्याशिवाय दुसरा आवाज झाला नाही.

फीत उलटी फिरली.

ओळ... श्वास...

रडणं.

ह्या वेळी लांबून नाही. खोलीतून.

पोराच्या रडण्याचं दुसऱ्या कुणाला कळो न कळो, आईला कळतं. जयवंताचं भुकेचं रडणं मला ठाऊक होतं, झोपेचं ठाऊक होतं, पोटात कळ आल्याचंही. हे तिचं नव्हतं. आणि ह्यात भूक नव्हती, झोप नव्हती, दुखणं नव्हतं.

हे रागाचं होतं.

तान्ह्या जिवाला इतका राग येतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मी आत्याबाईकडे पाहिलं. तिचा हात अजून खुंटा पुढंमागं ओढत होता. खुंट्याबरोबर वरचा दगड हलत होता. आवाज न करता.

"बंद करा," ती म्हणाली.

"थांबा हो, नक्की कुठून येतंय ते कळू द्या..."

"बंद करा ती पेटी!"

पण मोहनरावांनी बंद करायच्या आधीच फितीवरचं रडणं थांबलं. हळूहळू नाही. एकदम. तोंडावर कुणी हात दाबावा तसं.

मग नुसती फीत फिरत राहिली...

त्या शांततेत मला झोळी दिसली.

मघापासून इतकी बोलाचाली झाली होती. माणसं ओरडली होती. पाल चुकचुकली तरी दचकणारी माझी पोर एकदाही हलली नव्हती.

मी लुगडं ओढलं.

तिचे ओठ निळे पडले होते.

पुढचं मला तुटक आठवतं. मी तिला उचललं तर मान लोंबली. तळवे चोळले, गालावर चापट्या मारल्या, नाव घेऊन हाका मारल्या. श्वास होता. पण इतका लांब लांब, की एक आला की वाटायचं हा शेवटचा. मी जीपकडे धावले. मोहनराव मागून ओरडत आले, "एक मिनिट, एक मिनिट, यंत्र सुटं करतो, नाहीतर फीत..."

मी ती वायर धरून उपटली. आत काहीतरी आपटल्याचा आवाज आला.

"फीत गेली खड्ड्यात! चालवा गाडी!"

एवढ्या मोठ्यानं मी सासरी त्याआधी कधी बोलले नव्हते. त्यानंतर पुष्कळदा बोलले.

जीपमध्ये छबूकाकू माझ्याबरोबर चढल्या. सगळ्या रस्ताभर त्या जयवंताच्या नाकाशी कांदा फोडून धरत होत्या आणि म्हणत होत्या, "झोपू दिऊ नगंस. काय बी कर, झोपू दिऊ नगंस." बारामतीच्या डॉक्टरांनी तिची पापणी वर केली. बाहुली मोहरीएवढी झाली होती.

"काय पाजलंत?"

मला माहीत नव्हतं. छबूकाकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अफू."

डॉक्टर काय काय बोलले ते लिहीत नाही. जे बोलले ते योग्यच बोलले.

दिवस कलताना जयवंता रडली. आधी कण्हल्यासारखी, मग मोठ्यानं. दवाखान्यातल्या दुसऱ्या एका बाईनं म्हटलं, "घ्या की तिला, किती रडतीय." मी घेतलीच होती छातीशी. पण गप केलं नाही. कुणाला करूही दिलं नाही. रड माझे बाई, म्हटलं. गावभर ऐकू जाऊ दे.

दवाखान्याच्या ओसरीवर छबूकाकूंनी मला सांगितलं.

आत्याबाईला आमच्या ह्यांच्या आधी मुलीच झाल्या. दोन मुली लग्न होऊन गेलेल्या, त्या मला ठाऊक होत्या. तिसरी ठाऊक नव्हती. तिचं नाव नकोशी. पुढं मुलगा व्हावा म्हणून तसं नाव ठेवायची चाल आहे, तुम्हालाही माहीत असेल. ती फार रडायची. माझे सासरे आबाजी तापट. एके दिवशी दारात पाहुणे बसले होते, आत पोर रडत होती. सासऱ्यांनी आत येऊन एवढंच म्हटलं, "हिचं त्वांड बंद कर."

आत्याबाईनं अफू चाटवली. पोरीला पसरलेल्या मांडीवर घेतलं आणि पाहुण्यांसाठी दळायला बसली. जात्याच्या घरघरीनं पोरं झोपतात, आम्ही सगळ्याच तसं निजवतो.

"दळण सरलं," छबूकाकू म्हणाल्या, "आन् पोर उठली न्हाय. त्या दिसापास्नं सरूनं येक दीस जातं सोडलं न्हाय बग. मी म्हनायची, आगं बास कर. तर म्हनायची, जातं थांबलं तर ती उठंल."

मी ऐकून घेतलं. मला दया यायला हवी होती का? आली नाही. राग आला. सासऱ्यांचा आला, ते मरून गेले होते तरी. आत्याबाईचा आला. एक पोर गेली, तरी ती अफूची डबी तिनं जपून ठेवली होती. आणि माझ्या पोरीला तीच चाटवली. का, तर फितीत रडणं नको.

घरी आले तेव्हा ती जात्यापाशी बसून होती. खुंटीवरची चिंधी काढून टाकली होती. दाणे घालून दळत होती. पिठाचा ढीग जात्याबाहेर जमिनीवर सांडला होता.

"डबी कुठाय?" मी विचारलं.

तिनं कमरेची काढून दिली. मी ती चुलीत टाकली.

"बोटाला लागलं तेवढंच चाटविलं गं..."

"तेव्हाही तेवढंच चाटवलं होतंत ना, आत्याबाई?"

ती दळायची थांबली नाही. खाली बघत म्हणाली,

"ती निजली हुती सारजे. इतकी वर्सं निजली हुती. म्या उठीवली तिला."

मला वाटलं होतं, एवढ्यावर संपेल.

उन्हाळ्याच्या तोंडी मोहनराव पुन्हा आले. जयवंतासाठी खुळखुळा घेऊन आले होते. तो मी कोनाड्यात ठेवून दिला. त्यांनी सांगितलं, फीत वाचली होती, आत्याबाईची ओवी रेडिओवर लागणार.

"पण त्यात ते रडणं..." आमचे हे म्हणाले.

"काढलं!" मोहनरावांना खरोखर आनंद झाला होता. "ब्लेडनं. जिथं जिथं रडणं होतं तेवढी फीत कापली आणि पुढची मागचीला चिकटवली. नखाएवढे नखाएवढे तुकडे. आता आवाज कसा, आरसा."

मी विचारलं, "कापलेलं कुठाय?"

ते जरा घुटमळले. "एका डबीत ठेवले होते तुकडे. मग एकदा कुतूहल म्हणून जोडून ऐकले."

"मग?"

"काहीच नव्हतं त्यांच्यावर. कोरे." ते हसले, पण नीट हसता आलं नाही. "कापताना मी स्वतः ऐकत होतो, वहिनी. तिथंच होतं ते."

ओवी लागली त्या संध्याकाळी सगळं गाव चावडीवर जमलं. ग्रामपंचायतीचा रेडिओ तिथं होता. आत्याबाईला पुढं बसवलं. मी बायकांच्यात, जयवंताला कडेवर घेऊन.

आत्याबाईचा आवाज त्या पेटीतून आला आणि बायकांनी तोंडावर पदर घेतले. खरंच आरसा. मागं जातं नाही, बांगडी नाही, शेळी नाही, पोर नाही. घर नाहीच. ओळ संपली की श्वास घ्यायच्या जागी एक अगदी बारीक फट. कुणाला कळणारही नाही. मला कळली, कारण तिथं काय होतं ते मला माहीत होतं.

"काय गळा, काय गळा," लोक म्हणत होते.

आत्याबाई ओवी संपायच्या आत उठली आणि घराकडे चालू लागली. आम्ही मागोमाग निघालो.

दाराला बाहेरून कडी होती. घरात कुणी नव्हतं.

आणि आतून...

आमच्या ह्यांनीही ऐकलं. म्हणून तर मी हे लिहायचं धाडस करते. त्यांनी माझा दंड धरला. इतका घट्ट, की पुढं काही दिवस बोटं उमटली होती.

तेच रडणं. रागाचं.

मला त्या दारात उभं राहून एकच कळलं. एका ठिकाणाहून काढून टाकलेलं दुसरीकडे जातंच. आणि तान्हं पोर जाऊन जाऊन कुठं जाणार? आईच्याच घरी.

आत्याबाईनं कडी काढली, अंधारात चाचपत जात्यापाशी गेली, मूठभर दाणे टाकले आणि खुंटा ओढला. घर्र... घर्र... रडणं कमी झालं. हुंदके राहिले. मग तेही थांबले.

त्यानंतर पसाभर दळून भागेना. जातं थांबलं, की थोड्या वेळानं रडणं सुरू व्हायचं. आत्याबाईच्या तळहातांना घट्टे होते तरी फोड आले. मी तिच्याशी बोलत नव्हते. ताट वाढून समोर सरकवायची. ती एका हातानं जेवायची, एका हातानं ओढायची. मी बघायची आणि माझा राग जायचा नाही. आतून कुठंतरी जीव तुटायचा, तरी जायचा नाही.

थंडी पडली आणि एका पहाटे घरघर ऐकू आली नाही. ती खुंट्यावर डोकं टेकून बसली होती. एक पाय पसरलेला. जात्याच्या तोंडात दाणे तसेच.

दहावं होईपर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. काही झालं नाही. पाहुणे गेले त्या दिवशी, भर दुपारी, मी भांडी घासत होते. जयवंता अंगणात राखेत हात घालून खेळत होती. माझ्यासमोर. तोंड बंद करून.

आणि घरात रडणं सुरू झालं.

संध्याकाळी आमचे हे म्हणाले, "उद्या जातं गाडीत घालतो आन् कालव्यात ढकलून देतो. घरात नगंच ते."

मला काय झालं मला ठाऊक नाही. हातातला तवा मी दाराकडे भिरकावला.

"नगंच? आणखी कितींदा टाकणार तिला? आधी नाव तसलं ठेवलं. मग तोंड बंद केलं. मग त्या माणसानं ब्लेडनं कापलं. आता पाण्यात बुडवा! तुमची सख्खी बहीण आहे ती!"

त्यांनी तवा उचलून आणला, पदराशी खेळणाऱ्या जयवंताला घेतलं आणि ओसरीवर जाऊन बसले. मी पाहिलं, ते डोळे पुसत होते.

दुसऱ्या पहाटे मी जात्यावर बसले.

मी आत्याबाईला माफ केलेलं नाही. छबूकाकू म्हणतात, गेलेल्या माणसावर राग धरू नये. मी धरते. पण त्या पोरीचा काय दोष? मी दळते. मला आत्याबाईसारखं गाता येत नाही, आवाज फाटका आहे, तरी म्हणते. जातं घरघरतं, बांगड्या वाजतात, जयवंता मध्येच बडबडते, शेळी ओरडते. सगळं असू देते. तिचं नावही मी बदललंय. ते मात्र इथं लिहिणार नाही. तिला ऐकायला येईल एवढ्याच आवाजात मी ते घेते.

ती गप होते. माझ्या हाताला गप होते.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नव्हती. दळताना मी एक पाय पसरून बसते. जयवंता कधी मांडीवर डोकं ठेवते, कधी वाकळेवर झोपलेली असते. ती वाकळेवर असली तरी... माझी मांडी जड होते. दळण सरेपर्यंत मुंग्या येतात. उठताना आधी हात फिरवून बघते. तिथं लुगडं ऊबदार लागतं.

त्याची मला भीती वाटत नाही. भीती दुसरीच आहे.

मला पुन्हा दिवस गेलेत. पुढच्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी जायचं आहे, इंदापूरकडं, कळसला. आई रोज निरोप पाठवते. मी गेल्यावर जातं कोण ओढणार?

आमचे हे म्हणाले, मी ओढीन. बायकांचं काम म्हणून गाव हसेल, तर दार लावून ओढीन. आणि खरंच, गेले काही दिवस ते पहाटे दार लावून दळायला शिकतायत. दाणे सांडतात, पीठ रव्यासारखं जाडं पडतं, छबूकाकू बाहेरून ओरडतात, "कुंडलिका, डाळ भरडतुयास का काय रं?" मला हसू येतं. ओवी म्हणायला लाजतात, मग नुसतं "गप गं बाय, गप गं" म्हणत राहतात.

पण त्यांच्या हाताला ती गप होत नाही.

कळसला जातं आहे. आईचं. ती तिथं माझ्याबरोबर येईल का? की इथंच, ह्या घरात, एकटी रडत राहील? आणि आली... तर माझ्या नव्या बाळाला मांडीवर जागा देईल?

थांबते. आता हे लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं, की पाय हलवायचा मी केव्हाच विसरले.

झोळी हलते आहे. दोरी माझ्या अंगठ्याला सैल लोंबते आहे.

जयवंता आत शांत झोपलीय. उठून बघून आले. श्वास नीट आहे, गाल गरम आहेत.

झोळीच्या एका कडेला सरकून झोपलीय. कुणाला तरी जागा केल्यासारखी.